बॉल पायथनच्या पेटीत पुन्हा पुन्हा किडे : दोष बेडिंगचा की साठवणीचा?

पेटी रिकामी केली, घासून धुतली, सगळं बेडिंग, म्हणजे तळाशी घालायचा थर, फेकलं, नवं घातलं. आठ-दहा दिवस सगळं स्वच्छ. आणि मग एका रात्री टॉर्च मारून बघितलं तर काचेच्या खालच्या कडेला पुन्हा तेच ठिपके. खसखशीच्या दाण्याहून बारीक आणि चालणारे. आमच्या घरी एकाच पावसाळ्यात हे तीनदा झालं. प्रत्येक वेळी मी दुकानदाराला दोष दिला, दुसऱ्यांदा तर कोकोपीटची, म्हणजे थरासाठी वापरतो त्या नारळाच्या काथ्याच्या भुशाची, कंपनीही बदलली. किडे काही हटले नाहीत. खरं कारण सापडलं ते पेटीपासून वीस पावलांवर, कोठीच्या खोलीत.

आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. घर जुनं, भिंती जाड, पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल धरते. चकली, म्हणजे आमची बॉल पायथन, साडेतीन फुटांची आहे. मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हापासून तिचं पाणी, खाणं, साफसफाई सगळं माझ्याकडे आलं. तो रोज विचारतो, पण हात माझेच लागतात, त्यामुळे इथे जे लिहिते आहे ते हाताने केलेलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. आपल्याकडचे धामण, नाग, अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, ते घरी ठेवायचे नाहीत. पावसाळ्यात बडोद्यात घरोघरी साप निघतात, तेव्हा वनखात्याला किंवा साप सोडवणाऱ्या स्वयंसेवकांना बोलवायचं, पेटी शोधत बसायचं नाही. बॉल पायथन हा आफ्रिकेतला साप. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये त्याचं नाव आहे, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. ती केली नसेल तर बेडिंगच्या आधी ते काम करा.

पहिलं काम : किडा कुठला, ते ओळखा

बहुतेक जण इथेच घाई करतात. मीही केली. किडा दिसला की पेटी उपसायची, ही आपली पहिली हालचाल असते. पण पेटीत दिसणारा प्रत्येक किडा सापाचं रक्त पिणारा नसतो, आणि उपाय अगदी वेगवेगळे आहेत. एकासाठी नुसतं थर कोरडा करणं पुरतं, दुसऱ्यासाठी दीड महिन्याची मेहनत लागते.

मी करते ते असं. स्वयंपाकघरातला पांढरा टिश्यू रोल घ्यायचा, त्याचा एक मोठा तुकडा कोमट पाण्यात ओला करून पिळायचा आणि सापाला त्यातून हळूहळू सरकू द्यायचं. साप अंगावर काय वागवतो ते कागदावर उतरतं. मग तो कागद खिडकीपाशी नेऊन, चष्मा लावून, शांतपणे बघायचा. काळपट, गोल, चकचकीत ठिपका दिसला आणि ओल्या कापसाच्या काडीने दाबल्यावर त्याची तांबूस-तपकिरी रेघ उमटली, तर ते रक्त आहे. तो सापावरचा माइट. त्याचं शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. रक्त पिऊन फुगलेली मादी जेमतेम एक मिलिमीटरची असते. न प्यायलेली पिल्लं मात्र फिकट पिवळसर असतात, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, ती सापावर आहेत की थरावर ते बघा.

सापावर बघायच्या जागाही ठरलेल्या आहेत. डोळ्याभोवतीची कडा, हनुवटीखालची घळ, बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे जे खड्डे असतात ते, आणि शेपटीच्या मुळाशी गुदद्वाराची फट. खवल्याची कड थोडी उचललेली दिसली तर तिथे बोट फिरवा. अंगावर पिठाची चिमूट उडाल्यासारखी पांढरी भुकटी दिसली तर ती माइटची विष्ठा. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके असतील तर ते बुडालेले माइट. आणि साप दिवसचे दिवस पाण्यात बसून राहत असेल तर तो उकाड्याने बसला आहे की माइटमुळे, हे तपासल्याशिवाय राहू नका. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा चकली पाण्यात बसतेच, म्हणून मी आधी तापमान बघते आणि मग कागद काढते.

दुसरी जमात थरातच राहणारी. पांढरट, करडे, काचेवर ओल साचली असेल तिथे घोळका करून फिरणारे, दाबल्यावर काहीही रंग न सोडणारे. धान्यात आणि जुन्या कागदांत पावसाळ्यात होतात तेच हे. बुरशीवर जगतात, सापाला चावत नाहीत. बोट नेल्यावर टुणकन उडी मारणारे असतील तर तेही बुरशी आणि कुजका पालापाचोळा खाणारे निरुपद्रवी किडे. बारीक काळ्या माश्या पेटीच्या जाळीवर बसत असतील तर त्यांच्या अळ्या ओल्या थरात आहेत, किंवा कुठेतरी विष्ठेचा तुकडा राहून गेला आहे.

आमचे तिन्ही वेळचे किडे या दुसऱ्या जमातीतले निघाले. कापसाच्या काडीला रंग आला नाही, चकलीच्या अंगावर एकही सापडला नाही. जीव भांड्यात पडला, पण प्रश्न सुटला नव्हता. ते येत कुठून होते?

कोठीची खोली

आमच्याकडे अजून वर्षाचा गहू भरतात. एप्रिल-मेमध्ये पोती येतात, गच्चीत ऊन देतात, मग एरंडेल, इथे दिवेल म्हणतात, हाताला लावून गहू चोळतात आणि पत्र्याच्या कोठ्यांत भरतात. त्याच खोलीत, कोठीला टेकून, मी कोकोपीटची उघडी पिशवी ठेवत होते. पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर होते. चकलीच्या पेटीला एका वेळी त्यातला तिसरा हिस्सा पुरतो, उरलेलं ओलसर असतानाच पिशवीत भरून, तोंडाला रबर लावून ठेवून द्यायचं, असा माझा क्रम.

तिसऱ्या वेळी नवा थर घालायला पिशवी उघडली आणि सहज मोबाइलचा दिवा आत धरला. पिशवीच्या आतल्या बाजूला, रबराच्या जरा खाली, घामासारखे थेंब होते आणि त्या थेंबांभोवती तेच किडे फिरत होते. बाजूच्या कोठीच्या झाकणाच्या कडेवर बोट फिरवलं तर पिठूळ थर हाताला लागला आणि त्यात तेच. म्हणजे पेटी मी प्रत्येक वेळी नीट साफ करत होते आणि स्वच्छ पेटीत स्वतःच्या हाताने किडे घालत होते. दुकानातून आलेली वीट कोरडी आणि दाबलेली होती, तिच्यात काही नव्हतं.

म्हणून ज्यांना ज्यांना पुन्हा पुन्हा हा त्रास होतो त्यांना मी सगळ्यात आधी विचारते, उरलेलं बेडिंग कुठे ठेवता? तांदळाच्या डब्याशेजारी, कुत्र्याच्या किंवा पक्ष्याच्या खाद्याशेजारी, कुंड्यांच्या मातीशेजारी, उंदीर पाळत असाल तर त्यांच्या पिंजऱ्याशेजारी? यापैकी कुठेही असेल तर पेटी उपसण्याआधी ती पिशवी उपसा.

साधी परीक्षा आहे. उरलेल्या बेडिंगमधलं मूठभर काचेच्या बरणीत घाला, थोडं पाणी शिंपडा, झाकण घट्ट लावा आणि आठवडाभर उबदार जागी ठेवा. आठवड्याने बरणीच्या काचेवर किडे दिसले तर ते बेडिंगमधून येत आहेत. बरणी स्वच्छ राहिली आणि पेटीत मात्र किडे असतील तर ते पेटीतल्या लाकडातून, सालीतून, भक्ष्यातून किंवा सापावरून येत आहेत. या एका बरणीने माझे तीन आठवडे वाचले असते.

काय घालावं, काय अजिबात नको

माझी पसंती कोकोपीट आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे एकत्र करून. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते, कात टाकायच्या दिवसांत थोडी जास्त, आणि नारळाचा थर ओल धरून ठेवतो, बुरशीही त्यावर उशिरा येते. नुसतं कोकोपीट वरून वाळलं की धूळ उडते आणि सापाच्या ओठांना चिकटतं, तुकडे मिसळले की ते बसतं. दाबलेली, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली वीट घ्या. समुद्राकाठच्या सोडणात मीठ असतं, म्हणून 'धुतलेलं' असं लिहिलेलं बघा आणि तरी घरी दोन पाणी काढा.

नर्सरीतून घेत असाल तर तोंड उघडून विचारा. मी एकदा सोडणाचे सुटे तुकडे घ्यायला गेले, पोतं छान दिसत होतं, हातात घेतलं तर वास वेगळा. साप पाळला आहे म्हटल्यावर नर्सरीवाल्या काकांनीच पोतं मागे ओढलं, "बेन, आमां तो खातर नाखेलुं छे." लिंबोळी पेंड आणि गांडूळखत मिसळलेलं होतं ते. त्यांनी सांगितलं नसतं तर मी घेऊन आले असते. उघड्यावर, पावसात भिजलेलं पोतं तर घेऊच नका, त्यात माश्यांच्या अळ्या हमखास असतात.

आता लाकडाच्या भुशाबद्दल, कारण स्वस्त म्हणून सगळ्यांच्या मनात आधी तोच येतो. वखारीतला भुसा एका झाडाचा नसतो. सागवान, बाभूळ, पाइन, प्लायवूड, एमडीएफ, जे करवतीखाली आलं ते सगळं एका ढिगात. प्लाय आणि एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूडही त्यात येतं. भुशाची बारीक धूळ सापाच्या फुप्फुसात जाते ती वेगळीच. देवदार आणि पाइनच्या लाकडात सुगंधी तेलं आणि फिनॉल असतात. आपल्याला तो वास प्रसन्न वाटतो, कपाटात कसर लागू नये म्हणून देवदार वापरतातही, पण कसरीला जे पळवतं तेच बंद पेटीत सापाचं यकृत आणि श्वास बिघडवतं. कीड लागणार नाही म्हणून देवदार घाला, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत परदेशी मालाच्या लाकडी खोक्यांचे आणि पॅलेटचे ढीग असतात. ओळखीच्या एकांनी त्याच्याच फळ्या रंधून निघालेल्या कुरळ्या साली आणून दिल्या होत्या, प्रेमाने. त्या फळ्यांवर गव्हाच्या लोंबीसारखं एक चिन्ह आणि अक्षरं असतात. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने. पण एचटी असली तरी लाकूड बहुधा पाइनच, आणि त्या पॅलेटवर आधी कुठल्या रसायनाचं पिंप सांडलं होतं ते कोणालाच माहीत नसतं. मी साली परत केल्या.

परदेशात ज्याची फार शिफारस करतात त्या अस्पेनच्या साली इथे सहज मिळत नाहीत. मिळाल्या तरी ओल्या झाल्या की लगेच बुरशी धरतात. कोरड्या थरावर ठेवतात त्या कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाला त्या ठीक, बडोद्याच्या जुलैत बॉल पायथनला नाहीत.

भाताचा तूस, मक्याच्या कणसाचा भरडा, उसाचं चिपाड, हे कोंबड्यांखाली घालतात म्हणून लोक विचारतात. तिन्ही नकोत. धान्याचे किडे तुसातच वाढतात, चिपाडात साखर असते म्हणून ते आंबतं, आणि मक्याचा भरडा पोटात गेला तर आतडं अडतं. वाळू नको. बागेतली माती नको, मुंग्या आणि गोमी घरात येतात.

आणि कागद. वर्तमानपत्राला लोक कमी समजतात, मला ते पटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, मगरी रस्त्यांवर आल्या, शहरातल्या कितीतरी भागांत वीज नव्हती. आमच्याकडे दीड दिवस नव्हती. हीट मॅट, म्हणजे पेटीखालची विजेवर तापणारी चटई, बंद, थर गार आणि ओला. मी सगळा थर काढला, वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या, चकलीला कापडी पिशवीत घालून पेटीसकट घरातल्या सर्वांत उबदार खोलीत आणलं. चार दिवस ती कागदावर होती आणि तिला काहीही झालं नाही. ज्यांना महिनाभर बाहेरगावी राहून आईवडिलांवर साप सोडून जायचा आहे त्यांनी तर कागदच घालावा. घाण दिसते, किडा दिसतो, गुंडाळला की फेकला. फक्त किडा शोधायचा असेल तेव्हा छापील नको, कोरा पांढराच हवा, अक्षरांत माइट दिसत नाही.

किडे मारायला काय घालू नये

इथे मला आईंची, म्हणजे सासूबाईंची आठवण सांगायलाच हवी, कारण प्रत्येक मराठी घरात हे बोलणं होणार आहे. मी तिसऱ्यांदा पेटी उपसत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, कडुनिंबाचा पाला घाल की तळाशी. धान्यात नाही का घालत आपण? आणि दोन डांबरगोळ्या कोपऱ्यात."

"आई, धान्य श्वास घेत नाही," मी म्हटलं. "ही दिवसरात्र तोंड त्याच थरावर ठेवून झोपते."

त्या थोडा वेळ चकलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो गं, बाळंतिणीच्या खोलीत आम्ही धूपसुद्धा दाराबाहेरच ठेवायचो." आणि मग त्यांनीच घरात सगळ्यांना बजावलं.

डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. त्याची वाफ बंद पेटीत साठते आणि सापाला घातक ठरते. कापूर, फिनाइल, निलगिरीचं तेल, लक्ष्मणरेषेचा खडू, झुरळांचे स्प्रे, गव्हात घालायच्या पाऱ्याच्या गोळ्या, यातलं काहीही पेटीत किंवा पेटीच्या खोलीत नको. डासांच्या मशीनमध्ये आणि झुरळांच्या स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं असतात, त्यांनी सापाला झटके येतात, मान उलटी वळते. चकलीच्या खोलीत आम्ही खिडकीला जाळी बसवली आणि मशीन बंद केलं. कुत्र्यांच्या गोचिडांचं औषध स्वतःच्या अंदाजाने सापाला लावणं हेही तितकंच वाईट.

थर तयार करायची पद्धत

वीट कोमट पाण्यात फोडायची, दोन पाणी काढायची, जुन्या कापडात घट्ट पिळायची. मग उष्णता द्यायची. मी जुना इडलीचा कुकर यासाठीच वेगळा ठेवला आहे, कापडात बांधलेलं ओलसर कोकोपीट त्यात अर्धा तास वाफवते. सोडणाचे तुकडे पाऊण तास, कारण आतपर्यंत वाफ पोचायला वेळ लागतो. ओव्हन असेल तर १०० अंशांवर अर्धा तास, पण ओलसर असतानाच, झाकण घालून, आणि जवळ उभं राहून. कोरडं कोकोपीट पेट घेतं.

मे महिन्यात हे सगळं फुकट होतं. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर थर दोन बोटं जाडीचा पसरून, तोंड बांधून, गच्चीवर दोन दिवस. दुपारी दोनला मी पिशवीत थर्मामीटर खुपसला तेव्हा ५८ अंश दाखवत होता. इतक्या उष्णतेत माइट आणि त्यांची अंडी टिकत नाहीत. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा फ्रीजर. उणे १८ अंशांवर सात दिवस, मग एक दिवस बाहेर, मग पुन्हा सात दिवस.

गार झाल्यावर उन्हात किंवा पंख्याखाली इतकं वाळवायचं की मुठीत दाबलं तर गोळा होतो पण बोटांमधून पाणी येत नाही, आणि मूठ उघडून टिचकी मारली की गोळा फुटतो. माझ्या मते अर्धी लढाई या टिचकीत आहे. गोळा फुटला नाही तर पेटीत घालू नका. बुरशी खाणाऱ्या किड्यांना साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर आर्द्रता हवी असते आणि साप त्याच्या अगदी उंबरठ्यावर राहतो, म्हणून वरचा थर कोरडा आणि खालचा किंचित ओला, हा तोल सांभाळावा लागतो. पाणी वरून शिंपडू नका. एका कोपऱ्यात काचेच्या कडेने अर्धी वाटी सोडा, ते खाली उतरतं आणि वर कोरडं राहतं. सतत ओल्या थरावर पोट टेकून राहिलं की पोटाचे खवले लाल होतात, मग तपकिरी होऊन सडतात. किड्यांपेक्षा ते दुखणं जास्त वाईट आहे.

पावसाळ्यात खोलीतलीच हवा ८०-८५ टक्क्यांवर असते. तेव्हा पाणी अजिबात घालायचं नाही, पाण्याचं भांडं लहान करायचं आणि ते उबदार बाजूकडून थंड बाजूला न्यायचं. जाळीवर प्लॅस्टिक लावलं असेल तर काढायचं.

हीट मॅटवर थर किती जाड, हेही बघा. आमच्याकडे मॅट पेटीच्या खाली आहे आणि मी वर तीन इंच थर घातला होता, चकलीला खणायला आवडतं म्हणून. जाड थर उष्णता वर येऊ देत नाही, काच तापते, खालची ओल वाफ होऊन गार काचेवर थेंब धरते आणि मधल्या पट्ट्यात कायमची दमट जागा तयार होते. किड्यांचे घोळके बरोबर त्याच पट्ट्यात होते. आता मॅटच्या बाजूला एक बोट थर, थंड बाजूला तीन बोटं. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि काचेच्या मध्ये. वर उबदार बाजू ३१-३२ अंश, गार बाजू २६ च्या आसपास.

तयार थर मी आता घट्ट झाकणाच्या, खाद्यतेलाच्या धुतलेल्या डब्यात भरते, पूर्ण कोरडा करून. डब्यावर तारीख. डबा दिवाणखान्यातल्या कपाटाखाली, धान्यापासून लांब.

कापसाच्या काडीला रंग आला असेल तर

मग वर लिहिलेलं सगळं पुढे ढकला. खऱ्या माइटशी गाठ आहे आणि आता पेटीत थरच नको.

माइटची मादी अंडी सापावर घालत नाही. ती खाली उतरते, अंधारी, दमट फट शोधते आणि तिथे घालते. सालीच्या मागे, काचेच्या सिलिकॉनच्या भेगेत, झाकणाच्या खाचेत, आणि कोकोपीटसारखी जागा तर तिला आयतीच मिळते. अंडी दोन-चार दिवसांत फुटतात, आणि अंड्यापासून मोठा माइट व्हायला दोन-अडीच आठवडे लागतात. मोठा माइट चाळीस दिवसांपर्यंत जगू शकतो. 'पंधरा दिवसांनी पुन्हा आले' म्हणणाऱ्यांचं कोडं या आकड्यांत आहे. आपण दिसणारे मारतो, फटीतली अंडी राहतात. म्हणून उपचार एकदा नाही, सलग सहा आठवडे.

सगळा थर पिशवीत बांधून घराबाहेर टाका, कुंडीत नाही. लाकडी वस्तू आणि सालींच्या खोप्या फेका, मोह करू नका. लपायला प्लॅस्टिकचा डबा उलटा ठेवला तरी सापाला पुरतो. पेटी कडक पाण्याने आणि साबणाने, सगळ्या खाचा जुन्या टूथब्रशने. तळाशी कोरा पांढरा कागद, दर दोन दिवसांनी बदलायचा, काढलेला कागद लगेच पिशवीत बांधायचा. सापाला २८-३० अंशांच्या कोमट पाण्यात वीस मिनिटं, पाणी पाठीच्या निम्म्यापर्यंत, नजर न हलवता. बरेच माइट बुडतात, पण डोक्यावर चढलेले वाचतात, म्हणून नुसत्या आंघोळीवर विसंबू नका.

औषध सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडूनच घ्या. मात्रा सापाच्या वजनावर ठरते आणि घरात कासव असेल तर आधी सांगा, कारण सापाला चालणारं आयव्हरमेक्टिन हे औषध कासवाला मारतं. लवकर जा. माइट खूप झाले की सापाचं रक्त कमी होतं, तो खाणं सोडतो, आणि माइट एका सापाकडून दुसऱ्याकडे जंतुसंसर्ग नेतात. दोन साप असतील तर आधी निरोगी सापाचं काम करा, मग आजाऱ्याचं, मग कपडे बदला. माइट कपड्यावरून घरभर फिरतो.

ओळखीच्या एका कॉलेजच्या मुलाने हे सगळं केलं होतं. पाचव्या आठवड्यात कागद सलग दहा दिवस स्वच्छ आला म्हणून त्याने आनंदाने कोकोपीट घातलं. तीन आठवड्यांनी फोन आला, "काकू, परत आलेत." आम्ही दोघांनी मिळून पेटी खोलली तर वरच्या सरकत्या काचेच्या पट्टीत, स्क्रूच्या मागे, करडी पूड होती आणि तिच्यात ते होते. ती पट्टी त्याने कधी काढलीच नव्हती. आता तो पट्टी काढून कडक पाण्यात बुडवतो. पुढच्या खेपेला त्याने सहा आठवडे पूर्ण केले, वर दोन आठवडे कागदच ठेवला, आणि मग थर घातला. त्याचा साप त्यानंतर आठवडाभरात जेवला. त्याने मला फोटो पाठवला होता, उंदराची शेपटी तेवढी तोंडाबाहेर दिसत होती.

नवा साप, नवी साल, नवी खोपी, कोणाकडून उसना आणलेला दगड, काहीही घरात आलं की ते आधी वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर. साप असेल तर किमान दोन महिने. वस्तू असेल तर वाफ किंवा फ्रीजर. भक्ष्याच्या उंदरांचा भुसाही पेटीत सांडू देऊ नका, उंदरांचे माइट वेगळे असले तरी तेही चावतात, माणसालाही.

यंदा गहू भरायच्या आठवड्यात मी दोन वेगळ्या विटा आणल्या. आईंनी गच्चीच्या एका टोकाला गहू पसरला, दुसऱ्या टोकाला मी काळ्या पिशव्या. संध्याकाळी दोन्हीकडचं मूठभर घेऊन बरणीत घातलं, चिठ्ठ्या लावल्या. कोकोपीटची बरणी आज एकविसाव्या दिवशीही स्वच्छ आहे.